ठिसूळ आणि चिवट : जैवविघटनशील प्लॅस्टिकच्या यांत्रिक गुणधर्मांचा इतिहास

प्रस्तावना

जैवविघटनशील प्लॅस्टिकचा इतिहास बहुधा कचऱ्याच्या अंगाने लिहिला जातो. तुंबलेली गटारे, गायींच्या पोटात सापडलेल्या पिशव्या, समुद्रावर तरंगणारा थर आणि त्यावर उतारा म्हणून निघालेले ‘कुजणारे’ प्लॅस्टिक, अशी या कथनाची ठरलेली मांडणी असते. या मांडणीतून एक प्रश्न मात्र सुटून जातो. मातीत कुजणारे बहुवारिक १९२६ पासून ज्ञात होते, तर त्याची पिशवी, बाटली किंवा पेला होण्यास पुढे सहा-सात दशके का लागली? खनिज तेलापासूनचे प्लॅस्टिक स्वस्त होते, हे नेहमीचे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. कारण तेल महागले तेव्हाही हे पदार्थ बाजारात टिकले नाहीत. ते मोडत, तडकत, उन्हात वाकत. कुजण्याची अडचण त्यांना क्वचितच आली. अडचण आली ती वापरात असेपर्यंत टिकण्याची. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या, काहीशा दुर्लक्षित बाजूचा मागोवा घेतला आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी तीन गुण वेगळे ठेवणे आवश्यक आहे. ताण सहन करण्याची कमाल मर्यादा म्हणजे ताणबळ. वाकण्यास होणारा विरोध म्हणजे ताठपणा, जो यंगच्या गुणांकाने मोजतात. आणि तुटण्यापूर्वी ऊर्जा शोषून घेण्याची क्षमता म्हणजे चिवटपणा. पदार्थ तुटण्यापूर्वी मूळ लांबीच्या किती टक्के लांबतो, यावरून चिवटपणाचा स्थूल अंदाज येतो. काच बळकट व ताठ असते, पण चिवट नसते. जैवविघटनशील बहुवारिकांपैकी जी दोन सर्वांत जास्त चर्चिली गेली, त्यांची मूळ प्रकृती अशीच काचेच्या जवळची होती.

दोष म्हणून नोंदलेला गुण

वॉलेस कॅरोदर्स हा ड्यूपॉन्ट कंपनीचा रसायनज्ञ नायलॉनचा जनक म्हणून प्रसिद्ध आहे. नायलॉनपूर्वी त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी ॲलिफॅटिक पॉलिएस्टर या वर्गातील अनेक पदार्थ तयार केले होते. लॅक्टिक आम्लापासूनचे बहुवारिकही त्यांच्या १९३२ च्या संशोधनात आढळते. परंतु हे पदार्थ कमी तापमानास वितळत आणि पाण्याच्या संपर्कात त्यांच्या साखळ्या तुटत. वस्त्रोद्योगासाठी धागा शोधणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने हा सरळसरळ दोष होता. धुतल्यावर विरघळू लागणारा सदरा कोण विकत घेणार? कॅरोदर्स पॉलिअमाइडांकडे वळला आणि १९३५ मध्ये नायलॉन हाती आले. ज्या गुणासाठी पुढे कोट्यवधी डॉलर खर्च झाले, त्याच गुणामुळे हा वर्ग तेव्हा बाजूला पडला. त्यात तत्कालीन संशोधकांची दृष्टी कमी होती असे नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्लॅस्टिकची सारी प्रतिष्ठाच त्याच्या न कुजण्यावर उभी होती.

जिवाणूतील साठा

त्याच सुमारास फ्रान्समध्ये पाश्चर संस्थेतील मॉरिस लेमॉइन हे बॅसिलस मेगाटेरियम या जिवाणूचा अभ्यास करीत होते. जिवाणूच्या पेशीत दिसणारे चकाकते कण हे बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्लाचे बहुवारिक आहेत, हे त्यांनी १९२६ मध्ये मांडले. या पदार्थास पुढे पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट, संक्षेपाने पीएचबी, असे नाव रूढ झाले. माणूस जशी चरबी साठवतो तसा हा जिवाणूचा साठा असतो. अन्नातील कार्बन भरपूर आणि नायट्रोजनसारखे इतर घटक अपुरे असले की जिवाणू वाढण्याऐवजी साठवू लागतो, ही गोष्ट एडिंबरा येथील मॅक्रे व विल्किन्सन यांनी १९५८ मध्ये स्पष्ट केली. साठा हा स्वभावतःच मोडून खाण्यासाठी असतो. म्हणून पीएचबीचे विघटन करणारी विकरे माती, गाळ, समुद्र अशा सर्वत्र आढळतात. कुजण्याचा प्रश्न येथे निसर्गानेच सोडवून ठेवलेला होता.

बळकटीचा प्रश्न मात्र निसर्गाने सोडवला नव्हता, कारण त्याला तो पडलाच नव्हता. जिवाणूच्या पेशीत हे बहुवारिक अस्फटिकी, मऊ अवस्थेत असते. पेशीतून काढून वितळवले व थंड केले की ते मोठ्या प्रमाणावर स्फटिकरूप धारण करते आणि ठिसूळ बनते. अमेरिकेतील डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीने १९६० च्या आसपास पीएचबीचे थोडे उत्पादन करून पाहिले आणि त्यावर एकस्वेही घेतली. उत्पादनाचे प्रमाण अल्प, पेशीतील इतर द्रव्यांची भेसळ आणि साच्यातून निघणाऱ्या वस्तूंचा ठिसूळपणा, अशा तिहेरी अडचणीमुळे तो प्रयत्न थांबला.

कागदावर पीएचबी पॉलिप्रॉपिलीनचा सख्खा भाऊ वाटतो. दोघांचेही वितळण्याचे तापमान १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि दोघांचेही ताणबळ ४० मेगापास्कलच्या जवळ. ताठपणात तर पीएचबी सुमारे दुपटीने पुढे. पण पॉलिप्रॉपिलीन तुटण्यापूर्वी मूळ लांबीच्या जवळपास ४०० टक्के लांबते आणि पीएचबी अवघे ५ टक्के. शिवाय पीएचबी वितळते त्याच्या थोडेसेच वर त्याच्या साखळ्या तुटू लागतात, त्यामुळे यंत्रात काम करण्यास मिळणारी तापमानाची फट अरुंद असते. कारखान्यातील माणसाच्या दृष्टीने हा पदार्थ दुहेरी कटकटीचा होता.

बिलिंगहॅमचा प्रयोग

१९७३ च्या तेलसंकटाने या विस्मृत पदार्थाला पुन्हा वर आणले. इंग्लंडमधील इंपीरिअल केमिकल इंडस्ट्रीज, म्हणजे आयसीआय, या कंपनीच्या बिलिंगहॅम येथील कृषी विभागाकडे किण्वनाचे मोठे ज्ञान होते. मिथेनॉलवर जिवाणू वाढवून पशुखाद्य प्रथिन बनवण्याचा ‘प्रुटीन’ प्रकल्प तेथेच चालला होता. हेच ज्ञान प्लॅस्टिककडे वळवावे, या विचाराने १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर पीएचबीवर काम सुरू झाले. अनेक जिवाणूंची पारख करून तेव्हा अल्कॅलिजीनिस युट्रोफस या नावाने ओळखला जाणारा जिवाणू निवडण्यात आला. योग्य परिस्थितीत त्याच्या शुष्क वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत भाग हा बहुवारिकाचा भरतो. नैसर्गिक पदार्थांच्या इतिहासात इतके उत्पन्न देणारी ‘शेती’ विरळाच म्हणावी लागेल.

उत्पन्नाचा प्रश्न सुटताच ठिसूळपणाचा प्रश्न उघडा पडला. त्यावरचा उपाय एका वेगळ्याच दिशेने आला. अमेरिकेतील वॉलन व रोहवेडर यांना १९७४ मध्ये सांडपाण्याच्या गाळातून मिळवलेल्या बहुवारिकात केवळ हायड्रॉक्सिब्युटिरेट नव्हे, तर हायड्रॉक्सिव्हॅलरेटसारखी थोडी लांब एककेही आढळली. म्हणजे जिवाणूला वेगळा आहार दिला तर तो वेगळी साखळी विणतो. आयसीआयच्या संशोधकांनी ग्लुकोजबरोबर मोजून प्रोपिओनिक आम्ल देण्याची रीत बसवली. जितके प्रोपिओनिक आम्ल अधिक, तितकी व्हॅलरेटची एकके अधिक. तयार झालेल्या सहबहुवारिकाला पीएचबीव्ही म्हणतात आणि त्याचे व्यापारी नाव ‘बायोपॉल’ असे होते. व्हॅलरेटचे प्रमाण २० टक्क्यांवर नेले की वितळण्याचे तापमान १४५ अंशांपर्यंत उतरते, ताठपणा एक तृतीयांशाच्या आसपास येतो आणि तुटण्यापूर्वीचे लांबणे ५ वरून सुमारे ५० टक्क्यांवर जाते. पदार्थाचा स्वभाव बदलण्यासाठी भट्टी अथवा उत्प्रेरक न बदलता सूक्ष्मजीवाचे जेवण बदलावे, ही कल्पना विसाव्या शतकातील बहुवारिकशास्त्राच्या अत्यंत सुंदर कल्पनांपैकी एक मानण्यास हरकत नाही.

१९९० मध्ये जर्मनीत वेला कंपनीने आपला एक शाम्पू बायोपॉलच्या बाटलीत विक्रीस आणला. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले. तरीही या यशाला एक मर्यादा होती व ती रेणूंच्या रचनेतच होती. व्हॅलरेटचे एकक ब्युटिरेटपेक्षा अगदी थोडे मोठे असल्यामुळे ते ब्युटिरेटच्या स्फटिकजाळ्यात सामावले जाते. परका घटक मिसळून स्फटिकीभवन मोडेल ही अपेक्षा त्यामुळे अर्धीच पुरी झाली. पदार्थ नरम झाला, पण स्फटिकांचे प्रमाण चढेच राहिले. दुसरीकडे स्फटिक बनण्याचा वेग मंदावला, म्हणजे वस्तू साच्यात अधिक वेळ ठेवणे आले, आणि कारखान्यात वेळ म्हणजे खर्च. पॉलिप्रॉपिलीनच्या कित्येक पट असलेली किंमत याने आणखी वाढली. बायोपॉलचा धंदा आयसीआयकडून १९९३ मध्ये झेनेकाकडे, १९९६ मध्ये मॉन्सॅन्टोकडे आणि २००१ मध्ये मेटाबॉलिक्सकडे गेला. एक पदार्थ दहा वर्षांत चार मालक पाहतो, यावरून त्याच्या गुणांविषयी सर्वांना आशा होती आणि ताळेबंदाविषयी कोणालाच खात्री नव्हती, एवढे निश्चित होते.

ठिसूळपणाचे निदान

उद्योगाला पीएचबीतून फारसे मिळाले नसले तरी पदार्थविज्ञानाला पुष्कळ मिळाले. पीएचबी ठिसूळ का, या प्रश्नाचे ‘तो स्फटिकी आहे म्हणून’ हे उत्तर समाधानकारक नव्हते. पॉलिप्रॉपिलीनही स्फटिकीच आहे. ब्रिस्टल विद्यापीठातील बारहॅम व केलर यांनी १९८० च्या दशकात या प्रश्नाचा पाठपुरावा केला. जिवाणूकडून आलेले बहुवारिक असाधारण शुद्ध असते. त्यात उत्प्रेरकाचे अवशेष नसतात, त्यामुळे थंड होताना स्फटिकाला सुरुवात करून देणारी बीजेही फार थोडी असतात. बीजे थोडी म्हणून प्रत्येक बीजाभोवती वाढणारा गोलाकार स्फटिकपुंज, ज्यास स्फेरुलाइट म्हणतात, तो अवाढव्य होतो. थंड होताना अशा मोठ्या पुंजांतच भेगा पडतात. वस्तू वापरात येण्याआधीच आतून तडकलेली असते. या निदानाला आधार देणारी गोष्ट अशी की, असा तुकडा थंड अवस्थेत रुळांतून लाटला की तो ठिसूळ न राहता ताणला जाऊ लागतो. बोरॉन नायट्राइडसारखी बारीक भुकटी घालून बीजांची संख्या वाढवण्याचा उपाय याच विचारातून आलेला आहे. शुद्धता हाच रोग आणि माफक भेसळ हे औषध, असा हा चमत्कारिक प्रकार होता.

तरीही कोडे पूर्ण सुटले नाही. साच्यातून ताजी काढलेली वस्तू बरीच चिवट असे आणि काही दिवस नुसती कपाटात ठेवली की ठिसूळ होई. तिला ना ऊन लागलेले असे, ना पाणी. आइंडहोव्हन येथील डी कोनिंग व लेमस्ट्रा यांनी १९९३ मध्ये याचे स्पष्टीकरण दिले. पीएचबीतील अस्फटिकी भाग घरातल्या तापमानालाही गोठलेला नसतो, कारण त्याचे काच-संक्रमण तापमान शून्य अंशाच्या किंचित वर आहे. त्यामुळे ठेवल्या ठिकाणीच त्यात दुय्यम स्फटिक बनत राहतात आणि उरलेल्या मऊ भागाची हालचाल आवळून टाकतात. पुरेशा उच्च तापमानाला वस्तू तापवून ठेवली तर चिवटपणा परत येतो व पुढील ऱ्हासही बराच आटोक्यात राहतो, असे त्यांनी दाखवले. धातूंच्या बाबतीत लोहाराला पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली अनुशीतनाची क्रिया येथे जिवाणूच्या चरबीवर लागू पडली.

या निदानाचा पुढचा धडा जपानमध्ये गिरवला गेला. स्फटिकजाळ्यात सामावणारच नाही इतके लांब एकक साखळीत घातले, तर थोड्या प्रमाणातच स्फटिकीभवन मोडते. हायड्रॉक्सिहेक्झॅनोएट हे असे एकक. त्याचे प्रमाण १० टक्के असलेले सहबहुवारिक सुमारे ४०० टक्के लांबू शकते, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या पंक्तीला बसते. जपानच्या कानेका कंपनीने हा मार्ग धरला व २०१९ मध्ये ताकासागो येथे वर्षाला ५,००० टनांचा कारखाना उभारला. अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बलचे इसाओ नोदा यांच्या कामातून ‘नोडॅक्स’ हा याच कुळातील पदार्थ आला. तो पुढे डॅनिमर या कंपनीकडे गेला आणि त्या कंपनीने २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मेटाबॉलिक्सने आर्चर डॅनिअल्स मिडलंडबरोबर आयोवा राज्यात उभारलेल्या ५०,००० टन क्षमतेच्या कारखान्यातूनही भागीदार २०१२ मध्ये बाहेर पडला होता. यांत्रिक दोष प्रयोगशाळेत दूर झाल्यावरही व्यापारात हे पदार्थ का अडखळतात, हा अर्थशास्त्राचा विषय आहे. परंतु ज्या दशकांत या दोषांनी वेळ खाल्ला, त्याच दशकांत पॉलिप्रॉपिलीनचे उत्पादन अफाट वाढून स्वस्त झाले, हा कालानुक्रम दुर्लक्षिण्याजोगा नाही.

शल्यगृहातील बळकटी

कुजणारे प्लॅस्टिक सर्वप्रथम खऱ्या अर्थाने यशस्वी झाले ते कचरापेटीत नव्हे, तर शल्यगृहात. जनावरांच्या आतड्यापासून बनवलेल्या ‘कॅटगट’ या टाक्याच्या धाग्याची बळकटी भरवशाची नसे. अमेरिकन सायनामिड कंपनीचे श्मिट व पोलिस्टिना यांनी पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा धागा सिद्ध केला, १९६७ मध्ये त्याला एकस्व मिळाले आणि १९७० मध्ये ‘डेक्सॉन’ हा टाका बाजारात आला. पाठोपाठ १९७४ मध्ये इथिकॉनचा ‘व्हिक्रिल’ आला. यात ९० भाग ग्लायकोलाइड व १० भाग लॅक्टाइड होते. पॉलिलॅक्टिक आम्लाचे शल्यकर्मातील उपयोग सुचवणारा एक आरंभीचा निबंध कुलकर्णी, पानी, न्यूमन व लिओनार्ड यांच्या नावाने १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला होता.

येथे यांत्रिक गुणधर्माची व्याख्याच वेगळी ठरली. टाक्याने जखम जुळेपर्यंत दोन-तीन आठवडे ताण धरावा आणि नंतर सोडून द्यावा. म्हणजे मोजायचे ते केवळ पहिल्या दिवसाचे ताणबळ नव्हे, तर ते काळानुसार कसे उतरते त्याचा आलेख. धाग्याच्या रूपात हे साधणे शक्य होते, कारण धागा ओढताना साखळ्या एका दिशेत रांगेने बसतात आणि त्या दिशेत बळकटी कित्येक पट वाढते. पण मोडलेले हाड जोडण्यासाठी दांडी हवी असेल तर काय करायचे? फिनलंडमधील टांपेरे येथील पेर्टी टॉर्मॅला यांनी धाग्यांचाच जुडगा उष्णता व दाबाखाली अर्धवट वितळवून एकजीव केला. बाहेरचा लेप आणि आतला धागा एकाच पदार्थाचे, म्हणून दोहोंतील सांधा सुटण्याचा धोका कमी. हेलसिंकीचे शल्यविशारद पेंट्टी रोक्कानेन यांच्या चमूने अशा दांड्या १९८४ पासून घोट्याच्या अस्थिभंगासाठी वापरल्या व १९८५ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. धातूची पट्टी काढण्यासाठी करावी लागणारी दुसरी शस्त्रक्रिया यातून टळत होती.

यशाच्या या मालिकेत एक कठोर अपवाद आहे. हृदयाच्या धमनीत बसवायची विरघळणारी जाळी, म्हणजे स्टेंट, पॉलिलॅक्टिक आम्लापासून बनवण्याची कल्पना आकर्षक होती. धमनी सुधारली की जाळी नाहीशी. अमेरिकेत ॲबट कंपनीच्या ‘ॲब्सॉर्ब’ला २०१६ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१७ मध्ये कंपनीने तिची विक्री थांबवली, कारण धातूच्या जाळीच्या तुलनेत तिच्यात रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण अधिक आढळले. कारणांची चर्चा पुष्कळ झाली, पण त्यातील एक कारण निव्वळ यांत्रिक आहे. धातूच्या समकालीन जाळीची काडी सुमारे ८० मायक्रॉन जाड होती. तितकाच आधार देण्यासाठी पॉलिलॅक्टिक आम्लाची काडी १५० मायक्रॉनहून जाड ठेवावी लागली. जाड काडी रक्तप्रवाहात अडथळा होते. गुजरातमधील वापी येथील मेरिल कंपनीने पुढे १०० मायक्रॉन काडीची जाळी विकसित केली. पन्नास मायक्रॉनची ही तफावत, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी अंतर, रुग्णाच्या दृष्टीने केवढे असते हे वेगळे सांगायला नको.

मक्याचे प्लॅस्टिक आणि गरम चहा

पॉलिलॅक्टिक आम्ल, संक्षेपाने पीएलए, वैद्यकातून बाजारपेठेत आले ते अमेरिकेतील कारगिल या धान्यव्यापारी कंपनीमुळे. मक्याच्या स्टार्चपासून साखर, साखरेपासून लॅक्टिक आम्ल, त्यापासून लॅक्टाइडचे वलय आणि वलय उघडून लांब साखळी, असा हा मार्ग आहे. १९९७ मध्ये कारगिल व डाऊ यांची भागीदारी झाली आणि २००२ मध्ये नेब्रास्का राज्यातील ब्लेअर येथे वर्षाला १,४०,००० टन क्षमतेचा कारखाना सुरू झाला. पीएचबीला जे प्रमाण कधी लाभले नाही ते पीएलएला लाभले.

पीएलएचे ताणबळ ५० ते ७० मेगापास्कल, म्हणजे चांगलेच. ताठपणाही भरपूर. पण तुटण्यापूर्वीचे लांबणे पुन्हा ५ टक्क्यांच्या घरात. त्यात आणखी एक अडचण अशी की, त्याचे काच-संक्रमण तापमान ६० अंशांच्या आसपास आहे. त्याखाली तो काचेसारखा ठिसूळ आणि त्यावर रबरासारखा मऊ. गरम चहा ओतला की साधा पीएलएचा पेला हातात वाकतो. वाफाळत्या चहाच्या देशात हा दोष क्षुल्लक मानता येत नाही. क्योटो येथील इकादा व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये यावर एक मूलगामी वाट दाखवली होती. लॅक्टिक आम्लाचे उजवे व डावे असे दोन आरसाप्रतिमा प्रकार असतात. दोन्हींच्या साखळ्या समप्रमाणात मिसळल्या की त्या एकमेकींत बसून नवा स्फटिक बनवतात आणि वितळण्याचे तापमान १७५-१८० वरून सुमारे २३० अंशांवर जाते. उष्णतेपुरता हा उत्तम उपाय होता. चिवटपणाला त्याचा उपयोग नव्हता, आणि डावा प्रकार बनवणे महाग पडे.

चिवटपणासाठी मळलेल्या वाटाच चोखाळल्या गेल्या. सायट्रेटसारखे मृदुकारक घातले तर पदार्थ नरम होतो, पण मृदुकारक हळूहळू पृष्ठभागावर झिरपतो. नरम बहुवारिकाचे बारीक थेंब ठिसूळ बहुवारिकात विखुरले तर भेग त्या थेंबांपाशी अडते. पॉलिस्टायरिनच्या बाबतीत ही युक्ती जुनीच आहे. प्रश्न असा की, थेंब कशाचे? पॉलिएथिलीन अथवा कृत्रिम रबर चालेल, पण मग कुजणाऱ्या पिशवीत न कुजणारा अंश आला. जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने १९९८ मध्ये आणलेल्या ‘इकोफ्लेक्स’ने ही कोंडी बरीचशी फोडली. हा पीबीएटी नावाचा सहपॉलिएस्टर आहे. त्यातील टेरेफ्थॅलिक आम्ल बळकटी देते आणि ॲडिपिक आम्ल सूक्ष्मजीवांना वाट देते. टेरेफ्थॅलिक आम्ल वाढवले की पदार्थ बळकट होतो आणि एका मर्यादेपलीकडे कुजणे मंदावते. बळकटी आणि विघटन यांतील वैर एखाद्या काट्यासारखे इतके उघड अन्यत्र क्वचितच दिसते. अमेरिकेत जियांग, वोलकॉट व झांग यांनी २००६ मध्ये दाखवले की, २० टक्क्यांपर्यंत पीबीएटी मिसळल्यास पीएलएचे लांबणे ४ टक्क्यांहून कमी होते ते २०० टक्क्यांवर जाते. मोबदल्यात ताणबळ व ताठपणा दोन्ही घटतात.

हे वैर अटळ नाही असे सुचवणारे कामही झाले आहे. नागोया येथील टोयोटा टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये सुप्रकाश सिन्हा रे व मासामी ओकामोतो यांनी २००२ च्या सुमारास पीएलएमध्ये चिकणमातीचे नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे विखुरले. पदार्थ अधिक ताठ झाला आणि कंपोस्टमध्ये कुजण्याचा वेगही वाढला. परंतु चिवटपणाची उणीव मातीच्या पापुद्र्यांनी भरून निघाली नाही.

पीएलएच्या ताठपणाची एक गमतीदार शिक्षा फ्रिटो-ले या कंपनीला भोगावी लागली. ‘सन चिप्स’ या खाद्यपदार्थासाठी २०१० मध्ये अमेरिकेत कंपोस्ट होणारी पीएलएची पिशवी आली. ताठ पापुद्रा हाताळताना इतका खडखडाट होई की, एका वैमानिकाने तो ९५ डेसिबल भरल्याचे मोजून दाखवले आणि वर्तमानपत्रांनी ते छापले. ऑक्टोबर २०१० मध्ये बहुतेक प्रकारांसाठी कंपनीने ही पिशवी मागे घेतली. २०११ मध्ये थरांमधला गोंद बदलून शांत पिशवी परत आली. कुजण्याबद्दल कोणी तक्रार केली नव्हती. तक्रार यंगच्या गुणांकाची होती, जरी ग्राहकांना ते नाव ठाऊक नव्हते.

स्टार्चच्या पिशव्यांचा इतिहास तुलनेने उथळ आहे. पॉलिएथिलीनमध्ये स्टार्चची भुकटी मिसळून केलेल्या पिशव्या १९८० च्या दशकात ‘विघटनशील’ म्हणून विकल्या गेल्या. स्टार्चच्या कणांमुळे पापुद्रा दुबळा होई आणि उरलेले पॉलिएथिलीन जागेवरच राही. १९९० मध्ये अमेरिकेतील काही राज्यांनी अशा जाहिरातींबद्दल मोबिल कंपनीवर खटले भरले. इटलीतील नोव्हामॉन्टने, कातिया बास्तिओली यांच्या संशोधनाच्या आधारे, स्टार्चचे कणच मोडून ते जैवविघटनशील पॉलिएस्टरशी एकजीव केले. ‘मॅटर-बी’ हा तो टिकलेला पदार्थ होय.

जाडीचा कायदा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईच्या त्या जलप्रलयात तुंबलेल्या नाल्यांचा दोष प्लॅस्टिकच्या पिशव्यांकडे गेला आणि २००६ मध्ये महाराष्ट्राने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी घातली. केंद्राच्या नियमांत ही किमान जाडी २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, २०२१ मध्ये ७५ आणि २०२२ च्या अखेरीस १२० मायक्रॉन झाली. जाड पिशवी पुन्हा वापरली जाते आणि कचरावेचकाला ती उचलणे परवडते, असा त्यामागचा हिशेब. म्हणजे कायद्याने बळकटीची चाचणी न लावता जाडीलाच बळकटीची खूण मानले.

कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना या जाडीच्या अटीतून सूट आहे. त्यांना लागू असलेले आयएस/आयएसओ १७०८८ हे प्रमाण कंपोस्टमधील विघटन तपासते. १८० दिवसांत ९० टक्के कार्बन वायुरूप व्हावा, १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून अधिक तुकडे उरू नयेत, अवशेष वनस्पतींना अपायकारक नसावेत, अशा त्याच्या अटी आहेत. पिशवीने किती वजन उचलावे याविषयी त्यात अट नाही. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठातील नॅपर व थॉम्प्सन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दोन उलट टोके दिसली. ‘जैवविघटनशील’ म्हणवणारी एक पिशवी तीन वर्षे माती व समुद्रात राहूनही बाजारहाटाचे वजन पेलत होती. कंपोस्ट होणारी पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली. मातीत ती २७ महिन्यांनंतरही अखंड दिसत होती, मात्र वजन ठेवताच फाटली.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी एक नवा दुवा २०२४ मध्ये जोडला गेला. पुणे जिल्ह्यातील जेजुरी येथे प्राज इंडस्ट्रीजने पीएलए बनवण्याचा प्रात्यक्षिक कारखाना सुरू केला. नेब्रास्कात मका होता, येथे ऊस आहे. साखर कोणतीही असो, तिच्यापासून निघणारे लॅक्टिक आम्ल तेच आणि त्याची साखळीही तीच, ६० अंशांना मऊ होणारी आणि ५ टक्के ताणताच तुटणारी. तिच्यात चिवटपणासाठी मिसळला जाणारा पीबीएटी आजही प्रामुख्याने खनिज तेलापासूनच बनतो.